एकशे एकाहत्तरावा दिवस

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. त्या दिवशी मी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस चार वेळा मोजले. चारही वेळा १७१च आले.

मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकीलबाईंकडे पॅरालीगल आहे. पुण्यात वकिलीची सनद घेतली होती. २०१० साली नवऱ्यामागे एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आले आणि २०१५च्या मे महिन्यात आमच्यासारख्यांना कामाचे परवाने मिळू लागेपर्यंत घरी बसले. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. म्हणजे ज्यांच्या फाइली लावते त्यांच्यातलीच मी एक. ओळख पटू नये म्हणून पुढे काही तपशील बदलले आहेत.

सकाळी बाहेरच्या खोलीत दोन पक्षकार समोरासमोर बसले होते. एकीकडे एक जोडपं. बायको इथलीच, अमेरिकन नागरिक. नवरा मेक्सिकोतल्या पुएब्लाचा, घरांची छपरं शाकारणारा. एकोणिसाव्या वर्षी वाळवंटातून चालत आलेला. त्यांच्या पायाशी किराणा दुकानाची जाड पिशवी होती आणि तिच्यात त्याचे बारा वर्षांचे टॅक्स रिटर्न. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना कर भरण्यासाठी वेगळा क्रमांक मिळतो, ९ने सुरू होणारा. त्या क्रमांकावर त्याने एकही वर्ष न चुकवता कर भरला होता.

दुसरीकडे नाशिकचे एक गृहस्थ, मंडळात ओळख झालेले. गणपतीत पार्किंगची व्यवस्था तेच बघतात. फार सरळ माणूस. नवी नोकरी लागली होती, म्हणून एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, नव्या कंपनीकडे ट्रान्सफर करायचा होता. त्यांना आत नेलं तसं मराठीतच म्हणाले, "ताई, बाहेर बसलेत ते कुंपणावरून आलेलेच ना? आणि आपण बारा बारा वर्षं रांगेत. कायदा पाळतो म्हणून आपण मूर्ख का?"

मी काही बोलले नाही. पाच दिवसांपूर्वीच १०४ भारतीयांना हातकड्या घालून आणलेलं लष्करी विमान अमृतसरला उतरलं होतं. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. मंडळाच्या ग्रुपवर त्यावरून दोन तट पडले होते आणि हे गृहस्थ "नियम म्हणजे नियम" म्हणणाऱ्यांत पुढे होते.

न बोलण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. त्यांचं म्हणणं मला पुरतं खोटं वाटत नव्हतं. माझी मुलगी दोन वर्षांची असताना आली, आता सतरा आहे. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्के. नंबर लागतो तो अर्जाच्या तारखेने. आमच्या वर्गात भारताची तारीख फेब्रुवारी २०२५मध्ये २०१२ सालातच रेंगाळत होती, आमची २०१४ची. मुलगी एकविसाची झाली की आमच्या अर्जातून बाहेर पडेल. लहानपणी आलेल्या मुलांसाठी २०१२ साली डाका नावाची सवलत निघाली, तीही तिला नाही. ती २०१० साली आली, आणि सवलत १५ जून २००७पासून इथेच असलेल्यांना. शिवाय १५ जून २०१२ या दिवशी ज्यांच्याकडे कायदेशीर स्टेटस नव्हतं त्यांच्यासाठीच ती आहे. म्हणजे लवकर आलो असतो तरी कागद चोख ठेवले म्हणून ती बाहेरच राहिली असती. हे गिळायला मला फार जड जातं, आणि जड जातं हे मी लपवत नाही.

तर, काम. आमचं निम्मं काम म्हणजे तारखा जुळवणं. आलेल्या माणसाचा आय-९४ मी आधी काढते. व्हिसा हे फक्त दारापर्यंत यायचं तिकीट. आत किती दिवस राहायचं ते ठरवतो आय-९४. पूर्वी तो पांढऱ्या कार्डाच्या रूपात पासपोर्टला स्टेपल केलेला असायचा, माणसाला तो दिसायचा तरी. २०१३पासून विमानाने येणाऱ्यांचा आय-९४ संगणकात असतो आणि स्वतः वेबसाइटवर जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. कितीतरी जण वर्षानुवर्षं बघत नाहीत. मी मंडळात सांगून दमले.

गृहस्थांकडे आय-७९७, म्हणजे एच-१बीची मंजुरी होती, ३० सप्टेंबर २०२६पर्यंतची. खालच्या भागात आय-९४ होता, त्याच तारखेचा. त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला होता. पण जानेवारी २०२४मध्ये ते आईला बघून भारतातून परत आले होते. मी जुन्या पासपोर्टचा नंबर टाकला आणि पडद्यावर आलं: २३ ऑगस्ट २०२४.

जुना पासपोर्ट उघडला. शिक्क्यावर पेनाने तीच तारीख लिहिलेली. त्या दिवशी त्यांचा जुना पासपोर्ट संपत होता, आणि पासपोर्ट संपतो त्यापुढची तारीख विमानतळावरचा अधिकारी सहसा देत नाही. त्यांनी मे महिन्यात पासपोर्ट नवा करून घेतला आणि विषय संपला असं समजले. पासपोर्ट नवा झाला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही. आणि अनेक कागद असले तर सगळ्यात शेवटी मिळालेला चालतो, लॅमिनेट केलेला नाही. त्यांची बायको त्याच खिडकीवर, त्याच मिनिटाला आत आली होती. तिच्या पासपोर्टची मुदत लांबची, म्हणून तिला २०२६ मिळालं. घरी कधी तपासलं असेल तर तिचंच.

त्यांच्या कंपनीच्या वकिलांनी मंजुरीबरोबर सूचनांची लांबलचक पीडीएफ पाठवली होती. "प्रवासानंतर आय-९४ तपासा" हे वाक्य नवव्या पानावर. ज्या एका ओळीने माणूस देशाबाहेर जाऊ शकतो ती नवव्या पानावर टाकणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

मोजायला घेतलं. ऑगस्टचे ८, सप्टेंबरचे ३०, असं करत फेब्रुवारीचे १०. एकशे एकाहत्तर. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग माणूस देशाबाहेर पडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा. हा १९९६चा कायदा. एकशे ऐंशीवा दिवस होता १९ फेब्रुवारी.

वकीलबाईंना बोलावलं. मार्ग दोन. इथेच राहून उशिरा अर्ज करायचा आणि चूक माफ करून मागच्या तारखेपासून मंजुरी द्या अशी विनंती करायची. पण तो पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीचा मामला, आणि जादा फी भरून लवकर निकाल मागितला तरी १५ कामाचे दिवस. आमच्याकडे नऊ दिवस होते, तेही शनिवार-रविवार धरून. दुसरा मार्ग, ताबडतोब देश सोडायचा. मुदत उलटल्यामुळे पासपोर्टवरचा व्हिसा आपोआप रद्द झाला होता, आणि अशा वेळी नवा व्हिसा मायदेशातच घ्यावा लागतो. म्हणजे मुंबई, बीकेसी. अपॉइंटमेंट कधी मिळेल याची खात्री नाही. तरी बाईंनी हाच मार्ग ठरवला.

गृहस्थांना सांगायचं काम मराठीमुळे माझ्याकडे आलं. ते बराच वेळ शिक्क्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी सहा महिने इल्लीगल होतो?" मी म्हटलं, "स्टेटस नव्हतं." ते म्हणाले, "ताई, शब्द बदलू नका."

मग हुंदका आवरत त्यांनी विचारलं, की तेवढे महिने केलेली नोकरी, भरलेला कर, मुलीच्या शाळेत दिलेला पत्ता, हे सगळं खोटं धरायचं का. मुलगी इथे जन्मलेली, तिला धोका नव्हता. बायकोचा कागद ठीक, पण तिचं स्टेटस नवऱ्यावर टांगलेलं.

त्या संध्याकाळी व्हिसाच्या अर्जाला जोडायचं निवेदन आम्ही लिहायला बसलो. मसुदा त्यांचा होता. काय घडलं, कधी कळलं, कळल्यावर काय केलं, सगळं नीट. शेवटच्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं, की मी सीमा ओलांडून आलेल्या लोकांसारखा नाही, मी आयुष्यभर कायद्याचा आदर केला आहे.

दुसरं अर्धं खरं होतं, मी ते ठेवलं. पहिल्यावर अडले.

कायद्यात फरक आहेच. चोरून सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुदत उलटून राहणं हे दिवाणी उल्लंघन. जाणूनबुजून केलेलं आणि नकळत घडलेलं मला तरी एकाच तराजूत तोलता येत नाही. छपरं शाकारणाऱ्याला माहीत होतं तो काय करतोय. पण त्याच्या फाइलीवर त्याच दिवशी दुपारी मी काम केलं होतं. अमेरिकन बायको असूनही त्याला इथे राहून ग्रीन कार्ड घेता येत नाही, कारण तो तपासणीविना आत आला. मायदेशी जाऊन मुलाखत द्यायची, आणि बाहेर पडताच दहा वर्षांची बंदी लागू. ती आधीच माफ करून घ्यायचा एक अर्ज आहे, त्याच्या निकालाला तीन वर्षांहून जास्त लागतात. त्यात बायकोला टोकाचा त्रास होईल हे सिद्ध करावं लागतं. मुलांचा त्रास कायदा थेट धरत नाही. त्यांच्या धाकट्या मुलाला दमा आहे, तर त्याच्या दम्याचा आईला कसा त्रास होतो असं मी लिहीत होते. इनहेलरच्या पावत्या तारखेने लावत होते. त्यात मला एकही ओळ खोटी दिसली नाही.

वकीलबाईंचे आजोबा इटलीहून एलिस बेटावर उतरले तेव्हा युरोपातल्या गरीब माणसाला व्हिसाच लागत नव्हता. पुढे १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या मजुराला मात्र सरळ बंदी घातली. १९४६ साली ती उठली आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. मंडळात कुणी "आपले लोक कायद्यानेच आले" म्हटलं की मला हे आठवतं, पण कायदा न मानणाऱ्यांची बाजू घेतल्यासारखं होईल म्हणून मी बोलत नाही. त्या संध्याकाळीही बोलले नाही. ते वाक्य खोडलं आणि त्यांना न विचारता बाईंकडे सहीला पाठवलं.

शुक्रवारी रात्री ते नेवार्कहून निघाले. एकशे पंचाहत्तरावा दिवस. जुनी नोकरी सोडली नव्हती हे नशीब, त्यामुळे तिथलीच एच-१बीची मंजुरी चालली. मार्चअखेर पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग झालं. परतल्यावर विमानतळावरच त्यांनी आय-९४ काढून मला फोटो पाठवला: ३० सप्टेंबर २०२६. नव्या कंपनीचा अर्ज आम्ही एप्रिलमध्ये भरला. दुसरा, छपरं शाकारणाऱ्याचा माफीचा अर्ज अजून प्रलंबित आहे. मी महिन्याला एकदा त्याचा पावती क्रमांक टाकून बघते.

मुंबईत असताना त्यांचा एकदा फोन आला होता. मुलाखतीच्या आदल्या रात्री निवेदन पुन्हा वाचत होते.

"ताई, ते वाक्य काढलंत का हो?"

मी म्हटलं, अधिकाऱ्याला दुसऱ्यांशी काही घेणं नसतं, आपलं आपण सांगावं. हे खरं आहे, बाईंनीही तेच सांगितलं असतं. पण मी ते त्या कारणासाठी काढलं नव्हतं. ते "बरं" म्हणाले, क्षणभर थांबले, आणि त्यांनी विचारलं, त्या दिवशी बाहेर बसलेल्या बाईंचं पुढे काय झालं. पक्षकाराबद्दल दुसऱ्या पक्षकाराला सांगता येत नाही. तेवढंच मी त्यांना सांगितलं.