नंबर येईपर्यंत

"मना नंबर कव्हय येई, भो?" आतेभावानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मे महिन्यात धुळ्यात रात्रीसुद्धा घरात बसवत नाही, म्हणून आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून खेळत होतो. पाच खेळाडू, सहावा मी, मध्ये शेंगांची परात. फाशांचा सेट एकच. त्यातला वीस बाजूंचा फासा हातोहात फिरायचा आणि दर थोड्या वेळानं टरफलांत हरवायचा.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो १९७४ साली आणला. आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो, तिचे मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. बाकीचं सगळं जग, त्यातली माणसं, चोर, राक्षस डंजन मास्टर सांभाळतो, आमच्याकडे तो मी. एरवी गप्पांसारखा चालणारा हा खेळ लढाईत मात्र फासा टाकून ठरलेल्या नंबरानं चालतो, आणि गाडी तिथंच अडत होती.

त्या रात्री लढाईच्या पहिल्याच फेरीत वहिनींच्या, म्हणजे आतेभावाच्या बायकोच्या, पात्राची ताकद शून्यावर आली आणि ते बेशुद्ध पडलं. बेशुद्ध पात्राला करण्यासारखं एकच काम असतं. आपला नंबर आला की वीसचा फासा टाकायचा. १० किंवा जास्त पडले तर जमा, कमी पडले तर वजा. तीनदा जमा झालं तर जीव तगतो, तीनदा वजा झालं तर पात्र मरतं. वहिनींनी १३ टाकले. मग त्या बसून राहिल्या. पुढं ७ पडले, परत बसून राहिल्या. अमळनेरहून भरताचा डबा घेऊन आलेली बाई दोन तासांत चार वेळा फासा टाकून, टरफलं गोळा करून घरी गेली. जाताना म्हणाल्या, "छान झालं, भाऊजी." पुढच्या रविवारी आतेभाऊ एकटाच आला. वहिनींकडे पाहुणे येणार होते म्हणे.

मला ते लागलं. गोष्टीतली नावं विसरायला नकोत म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवतो. ते सोमवारी दुकानात बसून घड्याळ लावून ऐकलं. वहिनींच्या दोन फाशांमध्ये २७ मिनिटं होती. खेळाच्या जगात लढाईची एक फेरी ६ सेकंदांची! मला वाटत होतं, मंत्र निवडायला आतेभाऊ वेळ लावतो. लावत होताच, पण २७ पैकी १५ मिनिटं आवाज माझाच होता. आठ दरोडेखोरांचे फासे मी एकेक करून टाकत होतो आणि प्रत्येकाच्या वाराचं वर्णन करत होतो.

मग सुधारायला लागलो. आणखी फासे मागवले, प्रत्येकाला स्वतःचा संच दिला. वार लागला का आणि किती लागला, हे दोन्ही फासे एकदमच टाकायचे. मी नंबर पुकारताना पुढचाही सांगू लागलो, "आता तू, तुझ्यानंतर वहिनी, तयार राहा." एवढ्यानंच फेरी निम्म्यावर आली.

एक उपाय मात्र फसला. नियमांमध्ये एक पर्याय आहे, दोन्ही बाजूंनी एकेकच फासा टाकायचा आणि जिंकलेल्या बाजूनं आधी सगळ्यांनी मिळून खेळायचं. वाट बघणं संपलं, पण ज्याचा आवाज मोठा तोच पाचही पात्रं चालवायला लागला. शेजारचा डिप्लोमाचा मुलगा आधीच कमी बोलतो, तो तर "तुम्ही म्हणाल तसं, दादा" एवढ्यावरच आला. दोन रविवारांत ते बंद केलं. नंबर यायला उशीर झालेला चालेल एक वेळ, पण आलेला नंबर दुसऱ्यानं खाल्लेला मला चालत नाही.

खरा फरक पडला तो दरोडेखोर वाटून दिल्यावर. ज्याचं पात्र पडलं किंवा गोष्टीत दुसरीकडे गेलं, त्याच्या हातात शत्रू द्यायचे. वहिनींना फोन करून म्हटलं, या एकदा, तुम्हाला नुसतं बसू देणार नाही. त्या आल्या, आणि त्यांचं पात्र परत पडलं. मी दरोडेखोरांचा कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो वाचला, पदर खोचला आणि पहिला वार थेट नवऱ्याच्या पात्रावर केला. त्यानंतर दोन तास त्या मोबाइलकडे फिरकल्या नाहीत.

दोन मोहिमांमधला रिकामा काळ हा या खेळातला दुसरा थांबा. तो मी आधी एका वाक्यात उडवायचो, "एक महिना गेला." आमची गोष्ट फारुकी काळातल्या खानदेशात घडते. १६०१मध्ये अकबरानं असीरगड घेतला, त्याच्या आधीची. सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा आहे आणि पावसाळ्यात तापीला पूर आला की तो थाळनेरला अडकतो. अडकलेल्या चार महिन्यांचं काय करायचं? मी प्रत्येकाला आठवड्यात एकच प्रश्न पाठवू लागलो, तुझ्या माणसानं पावसाळा कसा काढला? वहिनींनी चार मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यांचं पात्र नावाड्यांच्या बायकांमध्ये बसून कुठल्या व्यापाऱ्याचा माल कुठं अडलाय याच्या बातम्या गोळा करत होतं. पुढच्या तीन रविवारांची गोष्ट मला त्यातूनच मिळाली.

डिप्लोमाच्या मुलाचं उत्तर एका ओळीचं होतं, "भिलोरी शिकतो." सातपुड्यात शिरताना दर वेळी दुभाष्या शोधावा लागायचा, ते त्याला खटकत होतं. नियमाप्रमाणे नवी भाषा शिकायला २५० दिवस लागतात, रोजचं १ सोन्याचं नाणं. त्यानं वहीत रेघा मारायला सुरुवात केली.

गोष्टीतले दोन पावसाळे गेले. गेल्या रविवारी मी सांगितलं, नदी उतरली, तांडा निघतोय. सगळ्यांनी सामान बांधलं. तेवढ्यात मुलगा वहीकडे बघत म्हणाला, "दादा, दोनशे चाळीसच झालेत. दहा दिवस कमी पडतात."

मी काही बोलायच्या आत आतेभाऊ म्हणाला, "थांबसूत ना मंग, भो."

मग तांड्यातल्या बैलांना दहा दिवस चारा कुठून आणायचा, यावर पाचही जण रात्री साडेबारापर्यंत बोलत होते. मी शेंगा सोलत ऐकत होतो.