टर्की फ्रायरवर बिअर, चकली आणि टर्की: मोठ्या शेगडीवरची मंद आच

टर्की फ्रायर, म्हणजे अख्खी टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) तेलात तळायची घराबाहेरची गॅस शेगडी. तिच्यावर मी घरची बिअर, चकली आणि टर्की अशी तीन कामं करतो. बर्नर पूर्वीचाच, भांडी पूर्वीचीच. या मोसमात सगळा भर आच सांभाळण्यावर दिला, आणि त्याचा फरक तिन्ही कामांत दिसला. म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

आधी सामान. १० पीएसआय (गॅसच्या दाबाचं एकक) रेग्युलेटरचा बर्नर, २० पौंडांचा प्रोपेन सिलिंडर आणि ३० क्वार्टची, म्हणजे साधारण २८ लिटरची, ॲल्युमिनियमची दोन उंच भांडी. एक फक्त तेलाचं, दुसरं फक्त वर्टचं, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या (माल्टच्या) गोड पाण्याचं, ज्याची पुढे बिअर होते. तेलाचा अंश राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही, त्यामुळे यात तडजोड नाही. शेगडी इथे मिशिगनमध्ये घरामागच्या काँक्रीटच्या पॅटिओवर मांडतो. लाकडी डेकवर नाही, आणि कितीही थंडी असो, गॅरेजमध्ये तर मुळीच नाही. दार सताड उघडं ठेवलं तरी आत कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो.

सप्टेंबरात पहिलं काम केलं ते एअर शटरचं, म्हणजे बर्नरला हवा सोडणाऱ्या झडपेचं. ज्योत पिवळी असेल तर तिला हवा कमी पडतेय. भांड्याच्या बुडाला काजळी धरते आणि गॅस फुकट जातो. शटर अगदी थोडं थोडं उघडत गेलं की आवाजावरूनच कळतं: फडफड थांबते आणि एकसुरी घोंघावणं सुरू होतं. ज्योत निळी, आखूड, बर्नरला चिकटून. आणखी उघडलं तर ती बर्नरवरून सुटायला लागते, तिथून किंचित मागे यायचं. मग तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला. चौथी बाजू हवेसाठी मोकळी, आणि नळी नि सिलिंडर आडोशाच्या बाहेर, दूर. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस मोजतो (रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्यावर कोरलेलं असतं). पूर्वी बिअरच्या पाच गॅलनच्या (सुमारे १९ लिटरच्या) बॅचला साडेतीन पौंडांच्या आसपास गॅस लागायचा, आता दोन-सव्वादोनमध्ये भागतं.

यात आडोशाचा वाटा आहेच, पण खरी बचत उकळी फुटल्यानंतरची. हिशेब करून बघा. साडेसहा गॅलन पाणी ६५ अंश फॅरनहाइटवरून उकळीला न्यायला सुमारे ८,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) लागतात. आणि उकळतं एक गॅलन पाणी नुसतं वाफ करून उडवायलाही जवळपास तेवढेच! म्हणजे तासाभरात गरजेपेक्षा एक गॅलन जास्त उडवलं, तर पुन्हा पहिल्यापासून पाणी तापवण्याइतकी उष्णता गेली. आता उकळी आली की ज्योत इतकी उतरवतो की पृष्ठभाग सतत उलटत राहील, पण उसळणार नाही. तासाला गॅलनभर घट होते आणि फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) बरोबर पाच गॅलन येतं.

ऑक्टोबरची बॅच नुसत्या सेंटेनियल जातीच्या हॉप्सची (बिअरला कडवटपणा नि सुगंध देणाऱ्या फुलांची) आयपीए, म्हणजे हॉप्स जास्त असलेली कडसर बिअर. आमच्या मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीची टू हार्टेड ही बिअर याच एका हॉपवर उभी आहे, आणि ती प्यायल्यापासून हे मनात होतं. हलकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क), सोबत थोडं क्रिस्टल माल्ट १५५ अंश फॅरनहाइटला अर्धा तास भिजवून. एक्स्ट्रॅक्ट ओतताना बर्नर पूर्ण बंद करायचा, नाहीतर ते तळाशी बसून करपतं. पहिल्या उकळीला फेस झपाट्याने वर चढतो. साडेसात गॅलनच्या भांड्यात वर जेमतेम गॅलनभर जागा उरते, त्यामुळे एक हात गॅसच्या नॉबवरच ठेवतो. दोनेक मिनिटांत फेस बसतो आणि वर्टमध्ये फुटलेल्या दुधासारखे कण फिरताना दिसतात. ते दिसले की पहिले हॉप्स.

आता टायमरबद्दल. या बर्नरला दर १५ मिनिटांनी गॅस बंद करणारा सुरक्षा टायमर आहे. बिअर करणारे बरेच जण तो काढून टाकतात. मी ठेवलाय, कारण तेल तापत असताना माणसाला शेगडीजवळ धरून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे. त्याऐवजी फोनवर दर १२ मिनिटांनी गजर लावतो. तासाच्या उकळीचे बरोबर पाच टप्पे पडतात. प्रत्येक गजराला टायमर पुन्हा दाबायचा. हॉप्सही त्यातच बसवले: सुरुवातीला, शेवटची १२ मिनिटं उरल्यावर (तेव्हाच वर्ट थंड करायचं तांब्याचं चिलर भांड्यात सोडायचं) आणि गॅस बंद केल्यावर.

दिवाळीच्या चकल्याही याच शेगडीवर. थंडीत खिडक्या बंद असतात, स्मोक अलार्म कोकलतो आणि तळणीचा वास आठवडाभर कोटांना येतो, त्यामुळे तळण बाहेरच बरं. उंच भांडं मात्र इथे कामाचं नाही. रुंद, जड बुडाचं पातेलं स्टँडवर नीट बसतं ना, हे तेल ओतण्याआधी हलवून बघा. तेल ३४० ते ३५० अंश फॅरनहाइटमध्ये राहिलं की चकली आतपर्यंत तळली जाते आणि बुडबुडे आपोआप कमी होतात. तेल फार तापलं तर वरून लाल, आत मऊ. थंड पडलं तर भाजणी तेलात विरते. एवढ्या मोठ्या बर्नरवर बारीक आच टिकते का, अशी शंका होती. शटर जुळल्यावर छान टिकली.

थँक्सगिव्हिंगला १२ पौंडांची टर्की. फ्रिजमध्ये पूर्ण तीन दिवस, म्हणजे आतला बर्फ जातो. आधी टर्की भांड्यात ठेवून बुडेल एवढं पाणी घालायचं, टर्की काढल्यावर पाण्याची पातळी खुणवायची, तेवढंच शेंगदाणा तेल घ्यायचं. मग भांडं आणि टर्की कोरडी ठक्क. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा घेते, आणि उतू गेलेलं तेल ज्योतीवर पडलं की भडका. मीठ आणि गोडा मसाला कातडीखाली चोळला. वरून लावला तर तेलात जळतो. ३५० अंशांना बर्नर बंद करून टर्की हळूहळू सोडली, पूर्ण बुडाल्यावरच पुन्हा पेटवला. तापमान ३०० च्या आसपास उतरतं. तिथे घाई करून आच मोठी केली की नंतर तेल आवरत नाही. पौंडाला साडेतीन मिनिटं धरून ४२ मिनिटांनी मांडीत थर्मामीटर घातला, १६५ च्या वर. कातडी कुरकुरीत, आणि गोडा मसाला आत हाडापर्यंत उतरलेला.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत घरगुती बिअरला १९७८ च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, विकायची नाही या अटीवर. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे चालत नाही, तेव्हा तिथे शेगडीचा चकलीचा भाग घ्या.

जानेवारीत पोर्टर (काळसर बिअर) करायची आहे. कडक थंडीत प्रोपेनचा दाब उतरतो, सिलिंडरवर आतल्या द्रवाच्या पातळीपर्यंत दव गोठतं. म्हणून अर्धा सिलिंडर बाजूला ठेवून भरलेला लावणार आहे, आणि आडोसा आणखी अर्धा फूट उंच करणार आहे. शून्याखाली कुणी उकळी काढली असेल तर किती घट झाली ते जरूर कळवा.