कागल नव्हे, कागवाड

मिरजेहून म्हैसाळमार्गे कर्नाटकात शिरले की कागवाड लागते. माझा जन्म तिथला. इंग्रजी विकिपीडियावरील माझ्या चरित्रलेखात मात्र कित्येक वर्षे माझे जन्मस्थान ‘कागल, जिल्हा कोल्हापूर’ असे छापलेले होते आणि ती एक ओळ दुरुस्त करून घेण्यात माझे अकरा महिने गेले. त्याच लेखात माझ्या नावसाधर्म्यामुळे दुसऱ्या एका अनुवादिकेचे पुस्तकही माझ्या खात्यावर घातलेले होते. ते दोन दिवसांत निघाले, म्हणून त्याविषयी फार लिहीत नाही.

गावाच्या नावासाठी एवढा आटापिटा कशाला, असे मला घरातल्यांनीही विचारले. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. आमच्या घरात मराठी होती आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. शेजारच्या बायका दारावरून जाताना माझ्या आजीला ‘ऊटा आतेन्री?’ असे विचारीत, म्हणजे जेवण झाले का. पुस्तकी कन्नडमध्ये हे वाक्य या रूपात भेटत नाही, पण उत्तर कर्नाटकातल्या लेखकांची पात्रे असेच बोलतात आणि तिथे मला शब्दकोश उघडावा लागत नाही. एका परिसंवादात सूत्रसंचालकांनी विकिपीडियावरून टिपून आणलेला माझा परिचय वाचला आणि ‘कागलसारख्या मराठी गावात वाढूनही त्यांनी कन्नड जिद्दीने शिकून घेतली’ असे माझे कौतुक केले. मी कन्नड शिकून घेतलेली नाही. ती मला आजीच्या उंबऱ्यावर मिळाली. त्या कौतुकाने ती माणसेच माझ्या आयुष्यातून वजा झाली, आणि घरी परतताना गाडीतच मी ठरवले की हे बदलून घ्यायचे.

पहिली चूक माझीच झाली. ‘संपादन’वर टिचकी मारून मी स्वतःच ‘कागल’ खोडून ‘कागवाड’ लिहिले. अर्ध्या तासात ते पूर्ववत झाले. मी पुन्हा बदलले, पुन्हा उलटवले गेले, आणि तिसऱ्या वेळेनंतर माझ्या सदस्य चर्चापानावर समज देणारा संदेश आला. माझ्याच जन्माविषयी मला समज देणारा हा कोण, असा संताप त्या रात्री झाला, हे मी लपवणार नाही.

नंतर शांतपणे नियम वाचले तेव्हा त्यांच्यामागचे कारण पटले. २००५ साली जॉन सीगेनथॉलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कोणीतरी, केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे खोटे वाक्य घुसडले आणि ते सुमारे चार महिने कोणाच्या लक्षात आले नाही. जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठीचे वेगळे, कडक धोरण त्या प्रकरणानंतर आकाराला आले. विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, म्हणूनच ‘मी तीच व्यक्ती आहे’ एवढ्या सांगण्यावर तिथे काही बदलत नाही. २०१२ मध्ये कादंबरीकार फिलिप रॉथ यांनाही हाच अनुभव आला. त्यांच्याच एका कादंबरीच्या प्रेरणेविषयीची चूक दुरुस्त करायला गेले असता त्यांच्याकडे दुय्यम स्रोत, म्हणजे दुसऱ्या कोणी प्रकाशित केलेला आधार, मागितला गेला, आणि अखेर त्यांनी एका नियतकालिकात जाहीर पत्र लिहिले. माझ्याजवळ असे नियतकालिक नव्हते.

योग्य रस्ता असा आहे. आपल्या चरित्रलेखाला स्वतः हात लावू नये. खाते उघडून, हा लेख माझ्याविषयी आहे, हे उघडपणे सांगावे आणि लेखाच्या चर्चापानावर विनंती लिहावी. विनंतीत चुकीचे वाक्य जसेच्या तसे द्यावे, त्याखाली हवे असलेले वाक्य लिहावे आणि त्याखाली आधार द्यावा. आयुष्याची कर्मकहाणी लिहू नये. मी पहिल्या विनंतीत ती लिहिली होती आणि तिला सहा आठवडे कोणी उत्तर दिले नाही. उत्तर देणारे सगळे स्वयंसेवक असतात, आपापला वेळ काढून ते हे काम करतात, त्यामुळे चार ओळींची विनंती आधी हातावेगळी होते, हे मला उशिरा कळले. बदनामीकारक किंवा धोकादायक मजकूर असेल तर चर्चापानावर न थांबता ईमेलने स्वयंसेवकांच्या प्रतिसाद गटाला लिहिता येते. माझी अडचण त्या जातीची नव्हती.

मला उत्तर देणारा स्वयंसेवक सभ्य होता. मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचे छायाचित्र देऊ केले, तेव्हा त्याने समजावले की जिवंत व्यक्तींविषयीच्या माहितीसाठी असे दाखले किंवा सरकारी नोंदी आधार म्हणून वापरत नाहीत. प्रकाशित झालेला, विश्वासार्ह स्रोत लागतो. आणि प्रकाशित स्रोत तर माझ्या विरोधातच उभा होता. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत माझ्यावर आलेल्या लेखात ‘कागल’ छापले गेले होते आणि विकिपीडियाने तेच प्रामाणिकपणे उचलले होते. म्हणजे चूक विकिपीडियाची नव्हती. ती या दैनिकाची होती, आणि माझे खरे अडकणे इथे सुरू झाले.

मी पुरवणीच्या संपादकांना पत्र लिहिले. पंधरा दिवस वाट पाहून फोन केला. लेख लिहिणारी पत्रकार नोकरी सोडून गेली होती. ‘मॅडम, मेल टाकून ठेवा, बघतो,’ असे मला सांगण्यात आले. मेल टाकला. महिन्याने पुन्हा फोन केला तेव्हा दुसराच माणूस बोलला आणि त्याने पुन्हा मेल टाकायला सांगितले. दुसरे पत्र पोच घेऊन हाती दिले. तिसऱ्या महिन्यात मी कात्रण घेऊन स्वतः कार्यालयात गेले. स्वागतकक्षात पाऊण तास बसल्यावर एक तरुण उपसंपादक बाहेर आला. त्याने उभ्याउभ्या कात्रण वाचले, ‘कागल’वर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘मॅडम, दोन्ही तिकडचीच गावं ना?’

तिकडचीच. एक पुणे-बंगळूर महामार्गावरचे महाराष्ट्रातले, दुसरे सीमेपलीकडचे, बेळगाव जिल्ह्यातले. मी त्याला हे समजावून सांगितले आणि त्यानेही ते मान्य केले. पण जुन्या अंकाची दुरुस्ती छापण्याची पद्धत नाही आणि संकेतस्थळावरचा मजकूर दुसऱ्या शहरातला विभाग बघतो, असे सांगून त्याने मला निरोप दिला. त्या विभागाकडे पाठवलेल्या मेलला फक्त यांत्रिक पोच आली.

एका वकील मैत्रिणीने प्रेस कौन्सिलचे नाव सुचवले. आधी संपादकांना लेखी कळवायचे आणि दाद मिळाली नाही तर कौन्सिलकडे तक्रार करायची, असा तो रीतसर मार्ग आहे. पण दैनिकाविरुद्धची तक्रार सामान्यतः प्रकाशनापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. माझा लेख येऊन वर्षे उलटली होती. लेख आला त्या दिवशी मी छायाचित्र पाहिले, मथळा पाहिला, दोन बहिणींना कात्रण पाठवले आणि मजकूर नीट वाचलाच नाही. म्हणून कळकळीने सांगते, आपल्यावर काही छापून आले की त्याच दिवशी ते शब्दन् शब्द वाचावे आणि चूक असल्यास त्याच आठवड्यात लेखी कळवावे.

गाठ सुटली ती माझ्याच कपाटातून. पहिल्या अनुवादाच्या प्रतीवरची धूळ पुसताना माझी प्रस्तावना उघडली आणि दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य सापडले: ‘कागवाडच्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर दोन भाषा बसत.’ मी हे लिहून विसरले होते. व्यक्तीने स्वतःविषयी प्रकाशित केलेली साधी माहिती विकिपीडियावर आधार म्हणून चालते, मात्र ती आत्मस्तुतीची नसावी, दुसऱ्या कोणाविषयी दावा करणारी नसावी आणि ती खरोखर त्याच व्यक्तीची आहे याबद्दल शंका नसावी. हा नियम मी पहिल्या आठवड्यात नीट वाचला असता तर त्या स्वागतकक्षात जावे लागले नसते. मी पुस्तकाचे नाव, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक चर्चापानावर दिला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दाखवून दिली: पुरवणीतल्या लेखात याच प्रस्तावनेतले पुढचे वाक्य अवतरणात होते, म्हणजे लेखिकेसमोर हेच पान होते आणि गावाचे नाव उतरवून घेताना घसरले होते. चौथ्या दिवशी ‘कागल’ गेले आणि ‘कागवाड’ आले.

एवढ्यावर काम संपत नाही. इंग्रजी आणि मराठी विकिपीडिया वेगवेगळे आहेत. एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे आपोआप जात नाही. मला मराठी लेखाच्या चर्चापानावर स्वतंत्र विनंती लिहावी लागली. विकिपीडियाच्या जोडीला असलेल्या ‘विकिडेटा’ या माहितीसंचात जन्मस्थानाची आणखी एक नोंद असते, तीही पाहावी, कारण इतर ठिकाणची माहिती अनेकदा तिथून घेतली जाते. तसेच जन्मतारीख पूर्ण दिसू नये असे वाटत असेल तर तशी विनंती करता येते. अशा वेळी केवळ वर्ष ठेवण्याकडे स्वयंसेवकांचा कल असतो.

दैनिकाच्या संकेतस्थळावर माझे जन्मगाव आजही कागलच आहे. तिसरे पत्र मी गेल्या सोमवारी पोच घेऊन दिले, आणि यावेळी सोबत प्रस्तावनेच्या त्या पानाची प्रत जोडली आहे.