मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचं स्मारक बघायचंय? गोदीकडे फिरकू नका

"गोदीच्या गेटवर उतरा, समोरच दिसतं," असं आमच्या गल्लीतल्या एका जाणत्यानं छातीठोक सांगितलं होतं. साफ चूक. १४ एप्रिलला सकाळी मी आणि पुतण्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सीएसएमटीला उतरलो आणि स्टेशनाबाहेर टॅक्सी धरली. मीटर बंद. ट्रकच्या रांगेत तासभर उकडत बसवून त्यानं ४५० रुपये घेतले. ते अंतर पायी अर्ध्या तासाचं! गेटवर कळलं, पासाशिवाय आत पाऊल नाही. पहारेकरी बिचारा नीट बोलला: "काका, भायखळ्याला जा." सोलापूरच्या ४२ डिग्रीत वाढलेला माणूस मी, पण तिथल्या घामानं पार पिळून निघालो. या फिरण्यात भायखळ्याची सकाळची मानवंदना हुकली, त्याचा राग अजून आहे.

तर, सीएसएमटीहून लोकल घ्या. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, तिसरं भायखळा. तिकीट ५ रुपये. पश्चिमेला उतरा; राणीची बाग पूर्वेला, तिकडं वळलात की गेलात. स्मारक अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे; मुख्यालय विचारलं की कुणीही दाखवतं. तिथं काम चालू असतं, बाग नव्हे ती. दारावर विचारूनच आत जा आणि गाड्या सुटायच्या वाटेत फोटो काढत उभे राहू नका. आम्हाला दहा मिनिटं मिळाली. सकाळची फुलं अजून ताजी होती.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज लागलेलं, पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८७०० गाठी. युद्धाचे दिवस, काय कशाशेजारी ठेवलंय याचा कुणाला विचार? दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, तरी आग नेमकी कुठं ते धुरात सापडेना. आमचे वडील गिरणीत होते, ते म्हणायचे, गाठ पेटली की वरून विझल्यासारखी दिसते, आत धुमसतच राहते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. दलाचे ६६ जण गेले. अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो त्यांच्यासाठी. आपल्याकडं शाळेत बादली आणि वाळू दाखवतात, हे कुणी सांगत नाही.

पुतण्या एरवी फोनमधून डोकं काढत नाही. तिथं त्यानं फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौपाटी, राणीची बाग झाली. बरं होतं.

१४ तारखेला जयंतीची सुट्टी, दादर टाळा. भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असू द्या. परतीचं तिकीट आधीच काढा. आम्ही काढलं नव्हतं. पुण्यापर्यंत दाराशी उभे होतो.