डोळ्यात फूल पडलं म्हणजे मायक्रोस्कोपखाली काय दिसतं

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या लॅबमध्ये डोळ्याची सॅम्पलं वाढतात. कागल असो, राधानगरी असो, हातकणंगले असो, माणूस कुठलाही आला तरी गोष्ट एकच, "ऊस तोडताना पात लागली बघा." उसाच्या पातीची कड नुसती हातावरनं गेली तरी चरचरतं, मग बुबुळाचं काय होत असेल. पहिले दोन दिवस खुपतंय म्हणून पाणी मारायचं, मग कुणी मध घालतं, कुणी एरंडेल, आणि शेवटी मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय ड्रॉप आणायचे. त्यात स्टेरॉइड असलं की लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं. पंधरा दिवसांनी बुबुळावर पांढरं दिसायला लागतं आणि घरचे म्हणतात, फूल पडलं.

मी हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे शरीरातनं काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली तपासतात त्या विभागाची टेक्निशियन, कोल्हापुरात. डोळा तपासणारे डॉक्टर वेगळे, आमच्याकडं येतो तो डोळ्याचा कण. खरंच कण. डॉक्टर जखमेच्या कडेनं ब्लेडनं खरवडून जे देतात ते स्लाइडवर धड दिसतही नाही. त्यावर १० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) एक थेंब, कव्हरस्लिप, आणि थोडा वेळ थांबायचं. पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं म्हणून ती तशीच राहते. कंडेन्सर खाली घ्यायचा, उजेड कमी करायचा, आणि आधी १० च्या लेन्सवर सगळी स्लाइड फिरायची. घाई केली की हमखास सुटतं. दिसली तर काचेच्या बारीक नळीसारखी दिसते, मध्ये मध्ये आडवे पडदे, फांद्या फुटलेल्या. एवढं दिसलं की डॉक्टरांना त्याच दुपारी बुरशीचं औषध सुरू करता येतं, कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवायला ठेवलेली बुरशी, उगवायची वाट बघावी लागत नाही.

पण दरवेळी एवढं सरळ होत नाही. मागच्या हंगामात एका मामांचं बटन आलं. बटन म्हणजे बुबुळ बदलताना काढलेली गोल चकती, ७-८ मिलिमीटरची, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. महिनाभर ड्रॉप चाललेले, केओएच दोनदा निगेटिव्ह. आणि बटन अख्खंच्या अख्खं फॉर्मॅलिनमध्ये टाकून पाठवलेलं, म्हणजे कल्चरचा रस्ताच बंद, कारण फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते. त्यासाठी अर्धा तुकडा स्टराइल सलाइनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. फॉर्मवर लिहिलेलं फक्त "कॉर्निया", म्हणजे बुबुळ. कुठली शंका आहे, काय शोधायचं, काही नाही. मला याचा फार त्रास होतो, कारण स्टेन, म्हणजे टिश्यूला लावायचा रंग, आपणहून काही सांगत नाही, त्याला विचारावं लागतं, आणि काय विचारायचं ते फॉर्मवरनंच कळतं.

बटन मधोमध कापून दोन्ही अर्धे कडेवर उभे मेणात बसवायचे. आडवं ठेवलं तर नुसता एकच थर कापत बसतो, उभं ठेवलं तर पाचही थर एका रेषेत मिळतात. एच अँड ई, म्हणजे नेहमीचा स्टेन, लावला. पू झालेल्या पेशी, कुजलेला स्ट्रोमा (बुबुळाचा मधला जाड थर), सगळं गुलाबी-जांभळं. बुरशी कुठंच नाही. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "पॅस आणि जीएमएस दोन्ही लाव."

जीएमएस म्हणजे चांदीचा स्टेन, गोमोरीची पद्धत, ग्रोकॉटनं १९५५ मध्ये ती बुरशीसाठी बसवली. क्रोमिक ॲसिडनं बुरशीच्या भिंतीतली साखर उघडी करायची, मग चांदीच्या गरम द्रावणात स्लाइड ठेवायची आणि समोरनं हलायचं नाही. धातूचा चिमटा अजिबात चालत नाही, काचेचं भांडं ॲसिडनं धुतलेलं नसलं तर चांदी भांड्यालाच बसते. सेक्शन, म्हणजे टिश्यूचा पातळ काप, खाकी कागदाच्या रंगावर आलं की बाहेर काढायचं, दोन मिनिटं जास्त झाली तर सगळंच काळं आणि मग बुरशी कुठली, टिश्यू कुठला कळत नाही. सोबत कंट्रोलची, म्हणजे बुरशी नक्की असलेली, स्लाइड असतेच. नंतर गोल्ड क्लोराइड, हायपो, आणि शेवटी लाइट ग्रीन.

मॅडमनी मला बोलावून दाखवलं. हिरव्या पार्श्वभूमीवर काळ्या बारीक काड्या, वरच्या थरात जवळजवळ नाहीतच, सगळ्या खोल स्ट्रोमात. खरवडून काही मिळत का नव्हतं ते तिथंच कळलं. (काळी दिसते ती चांदीमुळं. कोविडच्या वेळची ब्लॅक फंगस ती वेगळी, तिच्या काड्या रुंद आणि पडदे क्वचित.) पॅस हा दुसरा स्टेन, त्याच्या स्लाइडवर डेसिमेट मेम्ब्रेन, म्हणजे बुबुळाच्या आतल्या बाजूचा पातळ थर, गडद गुलाबी दोरीसारखी दिसते, आणि एके ठिकाणी बुरशीची काडी त्या दोरीच्या आरपार गेली होती.

बुबुळावरचं सगळंच पांढरं बुरशीचं नसतं, तेही सांगते. दोन्ही डोळ्यांत, एकाच घरात दोघातिघांना असेल तर आम्ही वेगळ्या स्टेनच्या बाटल्या काढतो. काँगो रेड लावून पोलराइज्ड उजेडात हिरवट सफरचंदी चमक आली तर अमायलॉइड नावाचं प्रोटीन साठलंय, म्हणजे लॅटिस डिस्ट्रॉफी. मॅसनच्या स्टेनवर लालभडक ठिपके आले तर ग्रॅन्युलर, अल्शियन ब्लूनं निळं झालं तर मॅक्युलर. ते आजार जन्माबरोबर आलेले, उसाच्या पातीचा काही संबंध नाही.

मामांचं सांगायचं राहिलं. बुबुळ बदललं की नवीन बुबुळ शरीरानं नाकारू नये म्हणून साधारणपणे स्टेरॉइडचे ड्रॉप देतात, आणि आत बुरशी उरली असेल तर तेच ड्रॉप नवीन बुबुळ खातात. डेसिमेटच्या पलीकडं काडी दिसली म्हटल्यावर मॅडमनी रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघितली नाही, माझ्यासमोरच सर्जनना फोन लावला, "स्टेरॉइड सुरू केलंय का? नसेल तर अजून करू नका, बुरशी आत पोचलीय." पलीकडनं उत्तर आलं, उद्या सकाळपासून सुरू करणार होतो.