टेबलावर ठेवलेलं सोनं

आमच्या नागपुरात तोंडाच्या कॅन्सरची ओपीडी रिकामी कधी नसतेच, खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाची, कृपा. त्या दिवशी पन्नाशीचे एक काका गालाला रुमाल लावून आले, मागे त्यांचा पोरगा. इतवारीच्या सराफ्यातले कारागीर. डाव्या गालात आतून गाठ, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाचा नेहमीचा कॅन्सर. तोंड उघडायला लावलं तर माझी दोन बोटंही नीट जाईनात.

ऑपरेशनचं नाव काढताच त्यांनी खिशातून पुडी काढून टेबलावर उलगडली. आत चोख सोन्याचा तुकडा.

"काहून कापता मॅडम? सोन्याचा इलाज निघाला ना आता. याचे कण करा."

पोराने मोबाइल पुढे केला: सोन्याचे कण कॅन्सरची गाठ जाळतात, असा फॉरवर्ड. फॉरवर्ड साफ खोटा असला की सोपं जातं. हा निम्मा खरा होता. म्हणून बाहेर रांग असतानाही समजावत बसले. तो कण सबंध सोन्याचा नसतो. आत सुमारे १२० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सिलिकाचा, म्हणजे काचेसारखा गोळा, वर जेमतेम १५ नॅनोमीटरचा सोन्याचा थर. शिरेतून सोडला की गाठीतल्या गळक्या रक्तवाहिन्यांतून झिरपून तिथेच साचतो. मग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा, लेसर. हा प्रकाश मांसातून फारसा न अडता काही अंतर जातो, पण थराची जाडी अशी बेतलेली असते की कण नेमका तोच शोषतो, तापतो आणि भोवतालची गाठ भाजून काढतो.

"म्हंजे मुलामाच!" काका पहिल्यांदा हसले. "आत काच, वरून सोनं. आम्ही असं विकलं तं गिऱ्हाईक जोड्यानं मारन."

सोनं किती लागतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. केसपेपरच्या मागे हिशेब मांडला: एका ग्रॅममध्ये असे अंदाजे ६० लाख कोटी कण मढवता येतील. त्यांनी आकडा पोराकडून पुन्हा वाचून घेतला.

मग कडू भाग. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २००३ मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दाखवलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेही प्रोस्टेटच्या मर्यादित गाठींचे. गालाच्या गाठीला आज पहिला उपचार ऑपरेशनच, आणि ती कोणासाठी थांबत नाही.

काकांनी पुडी बांधली, पण उठले नाहीत. "गाल कापल्यावर फुंकणी मारता येईन का?"

डाग द्यायला, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायला, अजून तोंडाने फुंकून ज्योत वळवायची फुंकणी वापरणारे कारागीर आहेत, हे मला माहीत नव्हतं. खर्ऱ्याने गाल आतून आखडले की फुंकर मारणं, शीळ घालणं आधीच जातं. आम्ही ते लक्षण म्हणून विचारतोही. विचारलं, "आता येते?"

"कुठली येते? मीच मारतो कधीची," उत्तर पोराने दिलं. "बाबा, गॅसची टॉर्च घ्या म्हणून किती मागं लागलो तुमच्या!"

दोघांची तिथेच जुंपली. टॉर्चच्या झोतात बारीक काम वितळून जातं, हे काकांचं म्हणणं. मी मध्येच सीटी स्कॅनची चिठ्ठी पोराच्या हातात दिली आणि खर्रा आजपासून बंद, हे दोघांनाही बजावलं. पोराच्याही खिशात पुडी होती.