मामाचं कटर
आमच्याकडे त्याला चेनसॉ कुणी म्हणत नाही. कटर! कंबर गेल्यावर मामाने लाकूडतोडीची कामं सोडली, तेव्हापासून त्याचं कटर माळ्यावर गोणपाटात आठ वर्षं पडून होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यावरून गेलं. वाड्यांतल्या पोफळी मोडल्या, माड पडले, वाटा बुजल्या. गावाला कटर पुरेनात. मामा म्हणाला, "पंप दुरुस्त करतोस ना? हे चालू कर. झालं तर तुझं."

वीज नाही, फोन नाही. सुट्या भागांची चौकशी तरी कुठे करणार? पेट्रोलची नळी हातातच तुटली, टाकीत वॉर्निशसारखा चिकटा. पण खरं दुखणं कार्बोरेटरचं. कटर उभं-आडवं-उलटं कसंही धरावं लागतं, त्यामुळे त्यात मोटरसायकलसारखा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा, नसतो. इंजिनाच्या पोटातला दाब कमी-जास्त होतो, त्यावर एक पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो. तो पडदा पापड झाला होता. माझ्याकडे ग्रासकटरचा एक पडदा पडून होता, त्याची भोकं जुळली. निव्वळ नशीब. बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, तिची खाच पत्र्याच्या तुकड्याने खरवडली, तेलाचं भोक तारेने मोकळं केलं. लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, मामाचं जुनं माप. पंचवीसेक वेळा दोरी ओढल्यावर ते एकदा खोकलं, मग घरभर धूर. बारचं टोक वर्तमानपत्रावर धरून रेस केलं, कागदावर तेलाची रेघ उमटली. म्हणजे चेनला तेल पोचतंय.

पहिलंच काम शेजारच्या काकूंच्या वाटेवरचा फणस. मुळांचा गड्डा मातीसकट उभा, शेंडा पलीकडच्या गडग्यावर टेकलेला, खोड मध्ये अधांतरी. मी ऐटीत वरून कापत गेलो आणि निम्म्यात बार चिमटला. इंजिन बंद.

मामा काठी टेकत आला. बोलला काही नाही, काठीने खोडाचा वरचा भाग ठोकला. "हा दबलाय." मग खालचा. "हा ताणलाय. वरून थोडं, बाकी खालून."

पाचर ठोकून बार सोडवला. गड्ड्यापासून चार हात सोडून नवीन काप घ्यायचा ठरलं. मी दोरी ओढणार तेवढ्यात मामा ओरडला. माझ्यावर नाही. गड्ड्यामागच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, आणि त्यात काकूंची दोन नातवंडं कागदी होड्या सोडत बसली होती. गड्ड्याच्या आड असल्यामुळे मला ती दिसलीच नव्हती. काकूंनी दोघांना दंडाला धरून वर ओढलं, पार ओटीवर नेऊन बसवलं.

मग कापलं. वरून तिसरा हिस्सा, बाकी खालून. शेवटचे धागे तुटले तशी खोडाची बाजू धप्पकन खाली गेली, आणि गड्डा हळूच हलला, मग एकदम मागे कलंडून खड्ड्यात बसला. पायाखालची जमीन हादरली. चिखलाचं पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. चार हातांचं खोड वाटेच्या कडेला सरळ उभं, कधी पडलंच नव्हतं असं.

काकू ओटीवर मटकन खाली बसल्या. माझे हात इतके कापत होते की बंद करायचं बटण सापडेना.

मामाने तंबाखू मळायला घेतली. चेनवर अंगठा फिरवला.

"दात गेलेत," तो म्हणाला. "फणसात खिळा होता बघ, वलणीचा. संध्याकाळी गोल कानस घेऊन ये."